कुमारांसाठीच्या क्रीडाकथा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये गोष्टी वाचून दाखवायला जाते, मे महिन्याच्या सुट्टीत मुलांची लेखन शिबिरं घेते. दोन्हीकडे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. काही प्रश्न मुलांचे आहेत, काही शिक्षकांचे, काही पालकांचे. ज्याचा प्रश्न, त्याच्याशी बोलल्यासारखं उत्तर दिलंय. उदाहरणं खो-खोची जरा जास्तच आहेत. शाळेत असताना मी खो-खोच्या संघात होते. म्हणजे राखीव होते, बारा जणींतली अकरावी. त्यामुळे बाजूला बसून सामना बघायची सवय मला फार आधीपासून लागली.

क्रीडाकथा म्हणजे खेळाडूचं चरित्रच ना?

नाही. चरित्रात घडलेलं बदलता येत नाही. उपान्त्य फेरीत हरला तर हरला. कथेत माणसं तुमची, गाव तुमचं, सामनाही तुमचाच. बंधन एकच: खेळ खरा असला पाहिजे. मैदानाची मापं, नियम, दम लागणं, गुडघा फुटणं, सगळं जसंच्या तसं. ज्या मुलानं कबड्डी खेळलीय त्याला तुमच्या कथेतली चढाई खोटी वाटली, की पुढचं सगळंच खोटं वाटायला लागतं. अगदी नायकाची आईसुद्धा.

वार्षिक अंकासाठी प्रेरणादायी क्रीडाकथा हवी आहे. मुलांमध्ये जिद्द निर्माण व्हावी अशी कथा कशी लिहायची?

सर, आधी 'जिद्द' हा शब्दच बाजूला ठेवू या. 'त्याने जिद्द सोडली नाही' या वाक्यातून मुलाच्या हाती काही लागत नाही. जिद्द धरायची म्हणजे सकाळी सहाला उठून नेमकं काय करायचं, ते त्यात कुठे आहे? माझा ठोकताळा असा आहे: कथा वाचून झाल्यावर मुलाला दुसऱ्या दिवशी मैदानावर करून बघावीशी वाटेल अशी एक तरी बारीक गोष्ट त्या कथेत असावी. पायाच्या चवड्यावर वजन कसं घ्यायचं, चेंडू हातातून सुटताना कुठली बोटं शेवटी लागतात, पाण्यात तोंड कधी वर काढायचं. एवढीशी गोष्ट. मुलं ती उचलतात. माझ्या एका कथेतून मुलींनी 'टाच' उचलली, ते पुढे सांगते.

शेवटी आपला संघ जिंकलाच पाहिजे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्या मुलांना बहुतेक वेळा 'हो' असंच उत्तर हवं असतं.

आधी एक खरी शर्यत सांगते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, बर्मिंगहॅमला, ३००० मीटर स्टीपलचेस धावला. म्हणजे वाटेत आडवे लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा असलेली शर्यत. या शर्यतीत केनियाच्या धावपटूंचं वर्षानुवर्षं राज्य होतं. साबळेची वेळ लागली ८ मिनिटं ११.२० सेकंद. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूची ८ मिनिटं ११.१५. मधलं अंतर ०.०५ सेकंद, डोळ्याची पापणीसुद्धा एवढ्यात पुरती मिटत नाही.

आता सांगा, हा जिंकला की हरला? गोष्ट शेवटच्या शंभर मीटरला सुरू केली तर हरला. गोष्ट मांडव्याला सुरू केली तर प्रश्नच मिटला.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरचंही तसंच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिचा अंतिम शर्यतीत दहावा क्रमांक आला. दहावा! शाळेच्या स्पर्धेत दहाव्या आलेल्या मुलीला आपण प्रमाणपत्रही देत नाही. पण ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरी पार करून ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत भारताची मुलगी उभी राहिली होती ती १९८४ नंतर पहिल्यांदाच. त्या वेळी, लॉस एंजेलिसला, पी. टी. उषाचं कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं होतं.

तेव्हा कथा लिहायच्या आधी एक ठरवून घ्यायचं. नायिकेला हवंय काय? चषक, की आणखी काही? तिला संघात कायमची जागा हवी असेल. मोठ्या बहिणीनं एकदा तरी सामना बघायला यावं एवढंच हवं असेल. धाकट्या भावाला दिलेला शब्द असेल. गुणफलक एका बाजूला चालतो आणि ही मागणी दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकदम पुऱ्या झाल्या तर कथा सपक होते. एक मिळाली, एक हुकली, की वाचणारं पोर पान मिटून थोडा वेळ गप्प बसतं.

आणि हो, शेवटच्या चेंडूवर षटकार नको. शिबिरात क्रिकेटच्या ज्या कथा येतात त्यातल्या बहुतेकींत एका चेंडूत सहा धावा हव्या असतात. कधीतरी दोन चेंडूंत तीन हव्यात अशीही कथा येऊ दे की. त्यात जास्त घालमेल आहे.

मी कुठलाच खेळ खेळत नाही. मी क्रीडाकथा लिहू शकतो का?

लिही ना. गुण कोण मांडतं? पाण्याची बादली कोण आणतं? सकाळी सुतळी लावून मैदानावर फक्की कोण मारतं? फक्की मारणाऱ्या मुलाची कथा मी अजून वाचलेली नाही. सामना सुरू झाला की त्यानं तासभर खपून मारलेली रेघ पहिल्या पाच मिनिटांत पुसली जाते. त्याला काय वाटत असेल, ते तू लिही.

फक्त महिनाभर रोज मैदानाच्या कडेला जाऊन बस. मोबाइल घरी ठेवून.

कोणता खेळ निवडावा? सगळी मुलं क्रिकेटच लिहितात.

क्रिकेटशी माझं वैर नाही. पण क्रिकेट लिहायला घेतलं की मुलांच्या डोक्यात समालोचक बोलायला लागतो. 'आणि हा चेंडू थेट सीमारेषेपार!' तेच वाक्य वहीत उतरतं, कारण क्रिकेट त्यांनी खेळलंय त्याच्या दसपट टीव्हीवर ऐकलंय. खो-खो, लंगडी, मल्लखांब, कुस्ती यांचं तयार समालोचन डोक्यात नसतं. मग बघून लिहावं लागतं, आणि बघून लिहिलं की भाषा आपली येते.

खो-खो लहान मुलांचा खेळ आहे, त्यात थरार कुठला, असं कुणी म्हणालं तर सांगा: जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारताला मिळाली, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी झाले. आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे.

मल्लखांबावर मात्र कुणीतरी लिहाच. एरंडेलाचा वास, घामानं निसटणारी पकड, उलटं लटकल्यावर दिसणारी शाळा. सगळं आयतं आहे.

सामन्याचं वर्णन लिहिताना माझी वाक्यं वर्तमानपत्रासारखी होतात. काय करू?

होणारच. आपण सामने वाचतो ते बातमीतच. 'सुलीने सुरेख हुलकावणी देत दोन मिनिटे संरक्षण केले व प्रेक्षकांची वाहवा मिळवली.' हे वाक्य बातमीत अगदी बरोबर आहे. कथेत मेलेलं आहे, कारण ते प्रेक्षकांच्या जागेवरून लिहिलंय. सुलीच्या जागेवरून काय दिसतं?

माझ्याच एका कथेतला तुकडा देते. हा तुकडा मी सात-आठदा लिहिला, तेव्हा कुठे जमला.

'सुलीनं मागं पाहिलं नाही. पावलं ऐकली. जड, त्यात उजवं जरा जास्तच आपटणारं. म्हणजे ती उंच, वेणी वर बांधलेली. पुढं तिसऱ्या पाटीवर एकजण तिच्याकडं पाठ करून बसलेली. तिच्या टाचा मातीला टेकलेल्या. सुलीनं खांदा पाटीकडं झुकवला, नुसता खांदा. टाचा उचलल्या गेल्या. मागून "खो!" आला आणि ती मुलगी पलीकडच्या अंगाला झेपावली. पलीकडं कुणीच नव्हतं. सुली अलीकडंच उभी होती. गुडघ्यांवर हात, तोंडात फक्कीची चव.'

यात प्रेक्षक नाहीत, वाहवा नाही. सगळं मिळून तीन-चार सेकंदांत घडतं. सुलीला जे ऐकू आलं आणि दिसलं तेवढंच आहे. आणि सगळं खेळाच्या नियमावर उभं आहे: पाठलाग करणाऱ्या मुलीला मधली पाटी, म्हणजे बसलेल्या मुलींच्या रांगेचा पट्टा, ओलांडता येत नाही. पळणारी पलीकडे गेली, की तिकडे तोंड करून बसलेल्या मुलीला मागून खो द्यावा लागतो. म्हणून सुलीला त्या बसलेल्या मुलीची पाठच दिसते. पाठ आणि टाचा. खो मिळेल असं वाटलं की टाच आपोआप उचलली जाते. सुलीनं नेमकं तेच हेरलंय, म्हणून तिची हूल लागू पडली.

ही कथा एका शाळेत वाचून दाखवली. पुन्हा महिन्याभरानं त्या गावावरून जाताना मैदानाशी थांबले, तर संरक्षणाला उतरलेल्या दोन मुली टाचांकडे बघत पळत होत्या आणि बसलेल्या मुली टाचा दडवायच्या खटपटीत होत्या. त्यांचे सर वैतागले होते. जिद्दीबद्दल मी त्या कथेत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

आणखी एक. कथेत वेळ ताणता येतो, पण किती? कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात 'कबड्डी, कबड्डी' असा दम घुमवत नायक मध्यरेषा ओलांडतो आणि त्याला अख्खं बालपण आठवतं: आजी, पूर, गहाण पडलेलं शेत. तोवर समोरच्या सात जणांनी काय करायचं? उभं राहून वाट बघायची? आठवणी चढाईच्या आधी, बाकावर बसलेला असताना आणा. चढाईत फक्त पाय, हात, निदान रेषा आणि कोपरारक्षकाचे डोळे.

खेळाचे नियम वाचकाला किती समजावून सांगायचे?

लागतील तेव्हा आणि लागतील तेवढेच. पहिल्या पानावर 'खो-खोमध्ये प्रत्येक संघात नऊ खेळाडू खेळतात, आठ जण चौकोनांत बसतात' अशी यादी दिली की वाचक पळाला. नियम मोडायची वेळ येते तिथे तो सांगावा. नवी मुलगी चुकून मागे वळली, पंचांची शिट्टी वाजली, बाकीच्या ओरडल्या, 'अगं, वळायचं नसतं!' झाला नियम सांगून.

पण तुम्हाला स्वतःला मात्र नियम अख्खे पाठ पाहिजेत. माझी फजिती सांगते. फार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. तिच्यात पाठलाग करणारी मुलगी मधेच गर्रकन उलटी फिरते आणि मागच्या मुलीला टिपते, असा रोमहर्षक प्रसंग. मी तो मोठ्या झोकात एका वर्गात वाचला. शेवटच्या बाकावरून एक सातवीतली मुलगी शांतपणे म्हणाली, 'बाई, हा फाउल आहे. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तीच ठेवायची असते.' वर्ग हसला. खो-खो खेळलेली बाई मी, तालुक्याला जाऊन आलेली. पण लिहिताना मैदान विसरले आणि सिनेमा आठवला. ती कथा नंतर कुठेच पुन्हा छापू दिली नाही.

खऱ्या खेळाडूला कथेत पात्र म्हणून घेता येईल का?

घेता येतं, पण जपून. खाशाबा जाधवांचंच घ्या, कारण मुलं त्यांच्यावर सर्वात जास्त लिहितात.

जे ठाऊक आहे तेच इतकं आहे की खोटं काही जोडायची गरज नाही. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर गाव. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक. लाल मातीत वाढलेल्या पैलवानाला तिथं मॅटवर खेळायचं होतं. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक. मग पोलिसातली नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली: २०२४, पॅरिस, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे. तेही कांस्यच.

आता कथाकार म्हणून आपली जागा कुठे? खाशाबांच्या तोंडी लांबलचक देशभक्तीचं भाषण घालायची जागा ही नव्हे. ते असं बोलले होते याला पुरावा काय? त्यापेक्षा त्या शंभर बैलगाड्यांपैकी एक गाडी घ्या. ती हाकणारा दहा-बारा वर्षांचा कल्पित पोरगा घ्या. त्याला हेलसिंकी कुठे आहे ठाऊक नाही. कांस्य म्हणजे काय तेही ठाऊक नाही. घरी काशाची वाटी आहे, तसलंच काही असेल असं त्याला वाटतं. बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ तो सकाळपासून पुसतोय. खाशाबा कथेत मिनिटभर दिसतील, एका गाडीत उभे. तेवढे पुरेत. खरा माणूस कथेत जितका कमी बोलेल तितका बरा, आणि कल्पित माणसाला हवं तेवढं बोलू द्या.

हयात असलेल्या खेळाडूच्या बाबतीत तर घरातली भांडणं, प्रेमप्रकरणं असलं काही मनानं रचू नका. मुलांच्या कथेत तर मुळीच नको.

वस्ताद किंवा प्रशिक्षक कडक दाखवायचा ना? मार खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही.

हे वाक्य मी शिबिरात पालकांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

शाळेत मुलांना मारायला कायद्यानं बंदी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७, त्यात मानसिक छळही आला. कथेत मारकुटे सर आणून शेवटी नायकाकडून 'सर, तुमच्या छडीमुळेच मी घडलो' असं वदवून घेतलं, की मार खाणाऱ्या मुलाला आपण सांगतो, बाळा, सोस. मी अशी कथा अंकासाठी निवडत नाही.

कडक वस्ताद आणि मारकुटा वस्ताद यांत फरक आहे. कडक वस्ताद पठ्ठ्याला एकच डाव महिनाभर घोटायला लावतो. ढाक मारायची तर पाय कुठे, कंबर कुठे, मान कुठे. हजारदा. पोरगं कंटाळतं, हौद्यातल्या मातीला शिव्या घालतं, तालमीला दांडी मारून पिक्चरला जातं. हे लिहा ना. आणि कृपा करून तो 'आदल्या रात्री शिकवलेला गुप्त डाव' आता निवृत्त करा. एका रात्रीत शिकलेला डाव दुसऱ्या दिवशी फडात लागत नाही, हे तालमीत आठवडाभर जाऊन आलेलं पोरगंसुद्धा सांगेल.

पाय मुरगळलेला असताना नायक खेळतो आणि जिंकतो, असा प्रसंग चालेल?

नको. मुलं ते खरंच करतात.

मुलींच्या क्रीडाकथेत वेगळं काय असतं?

मैदान तेच, नियमही तेच. वेगळं असतं ते मैदानाच्या बाहेर.

सराव साडेसहाला संपतो आणि शेवटची एसटी सहा वाजता. हाफ पँट घालून गल्लीतून जाताना वरून ओढणी घ्यावी लागते, मैदानाच्या फाटकापाशी ती दप्तरात कोंबायची. पाळीचे चार दिवस सरांना काय सांगायचं. 'ताप आलाय' हे महिन्याला किती वेळा चालेल? घरी धाकट्याला कोण सांभाळणार? जिल्ह्याच्या सामन्याला मुक्काम असेल तर सोबत बाई आहेत का? आमच्या वेळी केवळ बाई नाहीत म्हणून एका वर्षी संघच गेला नाही. आम्ही बारा जणी तयार होऊन शाळेच्या पायरीवर बसलो होतो. त्या सकाळी राखीव आणि मुख्य असा काही भेदच उरला नव्हता.

हे सगळं कथेत यायला हवं, पण रडगाणं म्हणून नव्हे. मुली यातून ज्या युक्त्या काढतात त्या फार मजेशीर असतात. आमच्यातली एक जण ओढणीचाच पट्टा करून गुडघ्याला बांधायची.

एका गोष्टीचा मला राग येतो, तो इथेच काढून टाकते. गरिबीचा फायदा दाखवणारी वाक्यं. 'रोज डोंगरावरून पाणी आणल्यामुळे तिचे पाय पोलादासारखे झाले.' नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतात. ती ट्रॅकवर हजारो किलोमीटर धावली म्हणून जिंकली. रोज हंडे वाहणाऱ्या हजारो बाया आहेत, त्यांच्या वाट्याला पाठदुखी येते. हंड्यांना श्रेय देऊ नका.

म्हणजे नायक गरीब नसावा?

असू दे की. श्रीमंतही असू दे, मध्यम असू दे. फक्त बूट फाटके असले तर ते कुठे फाटलेत ते सांगा. अंगठ्यापाशी फाटलेला बूट आणि टाचेला उसवलेला बूट यांत धावणं वेगळं होतं.

दिव्यांग खेळाडूवर लिहायचं असेल तर?

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. सैन्यात मुष्टियोद्धे होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मग पोहायला लागले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण, वेळ ३७.३३ सेकंद. एवढा ऐवज हाताशी असताना कथेत शेजारच्या काकू 'बघ, तो असून करतो, आणि तू धडधाकट असून...' म्हणतात, तिथे कथा घसरते. दुसऱ्यांना लाजवायला म्हणून त्याला आणू नका. तो चिडू दे, आळस करू दे, सहकाऱ्याशी पैज लावू दे. तो ज्या तलावात पोहतो तिथे उतरायला उतार आहे का, कठडा आहे का, चाकाची खुर्ची भिजू नये म्हणून कुठे ठेवतात, हे बघून या. निम्मी कथा तिथेच सापडेल.

गावाकडची बोली लिहिली तर शुद्धलेखनाचे गुण जातील का?

निबंधात जातील, कथेत नाही. संवाद बोलीत लिही, निवेदन तुला सोपं जाईल त्यात. मैदानावर कुणीही 'मित्रा, लवकर धाव' म्हणत नाही. 'पळ की रं!' म्हणतात. वऱ्हाडातला असशील तर वऱ्हाडीत ओरड, मालवणचा असशील तर मालवणीत. शिव्या मात्र गाळ. खऱ्या सामन्यात त्या फार असतात, पण संपादक काकू छापणार नाहीत.

कथेच्या शेवटी तात्पर्य लिहायचं का?

नको. लिहून झालं असेल तर खोड.

कथा किती मोठी असावी?

आठ-दहा वर्षांच्या वाचकांसाठी सातशे-आठशे शब्दांत एकच सामना, एकच अडचण. अकरा ते चौदा वर्षांसाठी दोन-अडीच हजार शब्द चालतात. मग सराव, रुसवेफुगवे, निवड चाचणी, सगळ्याला जागा मिळते. निवड चाचणीवर जास्त शब्द खर्च करा. मुलांच्या आयुष्यात अंतिम सामना क्वचित येतो, निवड चाचणी दर वर्षी येते.

आमचा मुलगा सदानकदा मैदानावर असतो, पुस्तक हातात धरत नाही. त्याला या कथा आवडतील का?

आवडतील, पण तुम्ही 'वाच' म्हणालात तर आवडणार नाहीत. रात्री जेवण झाल्यावर तुम्हीच मोठ्यानं वाचा, आणि सामना ऐन रंगात आला की थांबा. 'उरलेलं उद्या.' दिवा मालवल्यावर तो स्वतः उठून वाचतो की नाही बघा. आणखी एक उपाय: कथेतली चूक शोधायला सांगा. खेळणाऱ्या मुलाला लेखकाची चूक पकडण्याइतका आनंद कशात नसतो. माझ्या वाचकांनी तो मला पुरेपूर दिलाय.

कथा लिहून झाली. कुठे पाठवू?

आधी शाळेच्या हस्तलिखितात दे. मग बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, ते १९७१ पासून निघतंय आणि मुलांचं लेखनही छापतं. मुलांचे दिवाळी अंकही आहेत, पण त्यांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं. दिवाळीच्या सुट्टीत लिहून दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथा दर वर्षी माझ्याकडेही येतात, त्यांचं मी काय करू?

एका बाजूला, समास सोडून लिही. नाव, इयत्ता आणि घरातल्या मोठ्या माणसाचा फोन नंबर घाल. पाठवायच्या आधी तो खेळ खेळणाऱ्या कुणाला तरी अख्खी कथा वाचून दाखव. शक्यतो शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला.